एक्स-विंगच्या पहिल्या स्पर्धेला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या खेळाविषयी हे पान आहे, तो नेमका काय आहे?

‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील लढाऊ अवकाशयानांची छोटी रंगवलेली मॉडेल्स टेबलावर उडवत दोन खेळाडूंनी खेळावयाचा हा युद्धखेळ आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील फॅन्टसी फ्लाइट गेम्स या कंपनीने तो 2012 साली बाजारात आणला. पहिल्या पेटीत एक एक्स-विंग आणि दोन टाय फायटर एवढीच याने होती. दुसरी आवृत्ती 2018 साली निघाली. पुढे खेळाची सूत्रे त्याच समूहातील अ‍ॅटॉमिक मास गेम्सकडे गेली आणि 2022 साली नियमांत एवढे मोठे बदल झाले, की खेळाडू त्या रूपाला अडीचवी आवृत्ती म्हणू लागले. जून 2024 मध्ये कंपनीने या खेळाचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले.

खेळाचे मर्म एका गोल चकतीत आहे. तिला डायल म्हणतात. प्रत्येक पाळीच्या आरंभी दोन्ही खेळाडू आपापल्या प्रत्येक यानाची पुढची चाल या चकतीवर गुपचूप लावतात आणि ती पालथी ठेवतात. नंतर चकत्या एकेक करून उलटल्या जातात आणि याने पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या टेम्प्लेटच्या मापाने पुढे सरकतात. बुद्धिबळात समोरच्याची चाल पाहून आपण उत्तर देतो. येथे ती न पाहताच द्यावे लागते. या पानावर पुढे जे काही सांगितले आहे, ते बहुतांशी या एका फरकातून आलेले आहे.

कंपनीने खेळ बंद केला असेल, तर स्पर्धा कोण घेते?

खेळाडू स्वतः घेतात. विकास थांबला म्हणून घरोघरची याने नाहीशी झालेली नाहीत. एक्स-विंग अलायन्स हा खेळाडूंचा गट अडीचव्या आवृत्तीची परंपरा पुढे चालवतो आणि यानांचे गुण, म्हणजे ताफ्यात घेताना मोजावी लागणारी किंमत, वेळोवेळी बदलतो, तर लेगसी या नावाने ओळखला जाणारा दुसरा प्रवाह 2018 च्या आवृत्तीची जुनी, 200 गुणांच्या आत ताफा बसवण्याची पद्धत जपून आहे. या दोन प्रवाहांत जाणारा खेळाडू एकच असला, तरी त्याला आपला ताफा आणि काही सवयी दोन्हीकडे वेगळ्या ठेवाव्या लागतात.

म्हणून नावनोंदणी करण्यापूर्वी आयोजकांना पहिला प्रश्न हाच विचारावा, की स्पर्धा कोणत्या नियमावलीची आहे आणि कोणत्या तारखेची गुणयादी लागू आहे. चुकीच्या नियमावलीचा ताफा घेऊन तीन तासांचा प्रवास करून आलेला माणूस मी पाहिलेला आहे. तो माणूस मीच होतो, हे सांगून टाकलेले बरे.

दोन नियमावल्यांत नवख्याला जाणवेल असा फरक कोणता?

दोन फरक चटकन जाणवतात. पहिला उद्दिष्टाचा. 2018 च्या पद्धतीत समोरच्याची याने पाडणे हेच काम असते. जितक्या गुणांची याने पडतील, तितके गुण आपल्याला मिळतात, आणि एखादे यान निम्मे घायाळ झाले असेल तर त्याचे निम्मे गुणही मिळतात. 2022 च्या पद्धतीत पटावर ठरावीक जागी उद्दिष्टे असतात. ती ताब्यात ठेवण्याचेही गुण मिळतात आणि जो आधी 20 गुणांपर्यंत पोहोचतो, तो जिंकतो. त्यामुळे कोपऱ्यात दबा धरून बसण्याची जुनी युक्ती तेथे चालत नाही.

दुसरा फरक ‘आधी कोण’ याचा. प्रत्येक वैमानिकाला एक इनिशिएटिव्ह आकडा असतो. लहान आकड्याचे यान आधी हलते आणि मोठ्या आकड्याचे यान आधी गोळी झाडते. डार्थ व्हेडर आणि वेज अँटिलिस या वैमानिकांचा आकडा 6 आहे, म्हणजे ते सर्वांची हालचाल पाहून मग हलतात आणि सर्वांच्या आधी मारा करतात. पण दोन्ही बाजूंचे आकडे सारखे असतील तर काय करावे? जुन्या पद्धतीत ज्याने 200 पैकी समोरच्यापेक्षा कमी गुण ताफ्यावर खर्च केले असतील, त्याला प्रथम कोण हे ठरवण्याचा हक्क मिळत असे, आणि या हक्कासाठी लोक आठ-आठ, दहा-दहा गुण हातचे राखून ठेवत. नव्या पद्धतीत प्रत्येक पाळीला डायल लावून झाल्यानंतर फासे टाकून हे ठरते. माझ्या मते हा बदल चांगला झाला, कारण गुण न वापरता ठेवणे हे कौशल्य मानले जात होते, पण त्यात खेळ फारसा नव्हता. जुन्या मंडळींना हे मत पटत नाही.

सोबत काय काय न्यावे?

आपली याने, त्यांची पाने (कार्डे), डायल, फासे, टोकन, चालींची टेम्प्लेट, अंतर मोजण्याची पट्टी, 33 पानांचा इजा-संच, पटावर मांडायचे आपले तीन अडथळे (उल्का वगैरे) आणि ताफ्याच्या यादीच्या दोन छापील प्रती. पट, म्हणजे तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद चटई, बहुधा आयोजक देतात, परंतु विचारून घ्यावे. छापलेली पाने चालतील का, घरी मुद्रित केलेली मॉडेल्स चालतील का, हेही आता आयोजकागणिक बदलते. कंपनीच्या काळी याबाबतचे नियम अधिक कडक होते.

या यादीत न सापडणारी, पण सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे यानाखालच्या पारदर्शक खुंट्यांचा जादा साठा. यान या खुंट्यांवर तोललेले असते. ती खुंटी यानाच्या पोटातील भोकात बसवताना किंचित तिरकी दाबली, तर कट्कन मोडते आणि तिचे टोक आतच अडकून राहते. मग सुई, चिमटा आणि शिव्या असा क्रम सुरू होतो. याने नेण्यासाठी मासे पकडण्याच्या गळांचा खणांचा प्लॅस्टिकचा डबा उत्तम. प्रत्येक खणात फोमचा तुकडा घालावा. विमानाने जात असाल तर हा डबा हातातल्या सामानातच ठेवावा.

खाण्याचा डबा जरूर न्यावा, पण चिवडा फेरी चालू असताना उघडू नये. तेलकट बोटांनी दुसऱ्याच्या पानांना हात लावणे यासारखा अपमान या खेळात दुसरा नाही.

स्पर्धेचा दिवस कसा जातो?

सकाळी याद्या तपासल्या जातात आणि पहिल्या फेरीच्या जोड्या सहसा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या लागतात. त्यानंतर स्विस पद्धत असते. बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळलेल्या मराठी वाचकांना ती ठाऊकच आहे : जिंकणारा जिंकणाऱ्याशी, हरणारा हरणाऱ्याशी, आणि कोणी एका पराभवाने घरी जात नाही. मोठ्या स्पर्धांत स्विस फेऱ्यांनंतर वरचे आठ किंवा सोळा जण बाद पद्धतीने खेळतात.

एका फेरीला रूढ वेळ 75 मिनिटांचा असतो. चार फेऱ्या म्हणजे पाच तास निव्वळ खेळ, त्यात जेवण आणि दोन फेऱ्यांमधली वाट पाहणे धरले, तर संध्याकाळ होते. चौथ्या फेरीत थकव्याने झालेल्या चुका पहिल्या फेरीतील अज्ञानाच्या चुकांहून जास्त असतात, म्हणून पाणी प्यावे आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये खुर्चीवर न बसता थोडे चालावे.

पहिल्यांदा जाणाऱ्याने कोणता ताफा निवडावा?

जो आपण किमान दहा वेळा उडवला आहे, तो. इंटरनेटवरून जगज्जेत्याची यादी उतरवून घेता येते, त्याचा हात उतरवून घेता येत नाही. याद्या बनवण्यासाठी वाय.ए.एस.बी. नावाचे साधन बहुतेक खेळाडू वापरतात. तेथे गुणांची बेरीज आपोआप होते आणि नियमबाह्य जोडणी पकडली जाते.

नवख्यांसाठी माझी शिफारस तीन ते पाच यानांची, साध्या क्षमतांची आणि निदान थोडे कवच असलेली. बंडखोरांचे टी-65 एक्स-विंग हे यासाठी नमुन्यादाखल घेता येईल : माऱ्याचे 3 फासे, बचावाचे 2, चार हल (यानाच्या सांगाड्याची सहनशक्ती) आणि दोन शील्ड (त्यावरचे कवच). एखादी चूक झाली तरी ते एका पाळीत सहसा मरत नाही आणि चूक कोठे झाली हे समजण्याइतका वेळ देते. साम्राज्याचा टाय फायटर याउलट माऱ्याचे 2 फासे, बचावाचे 3 आणि फक्त तीन हल घेऊन येतो. असे सहा-सात टाय दाटीने उडवणे आणि त्यांच्यामध्ये हाउलरनर या वैमानिकाला ठेवून शेजारच्यांना माऱ्याचा एक फासा पुन्हा टाकू देणे, हा या खेळातील सर्वांत जुना आणि देखणा डाव आहे. पण त्यात सात डायल लावाव्या लागतात, सात याने एकमेकांवर न आदळता वळवावी लागतात, आणि 75 मिनिटांचे घड्याळ थांबत नाही.

फासे वाईट पडले तर काय करायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुधा पराभवानंतर येतो, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

माऱ्याच्या लाल फाशाला आठ बाजू आहेत : तीन हिट, एक क्रिटिकल (जास्त घातक हिट), दोन फोकस आणि दोन कोऱ्या. बचावाच्या हिरव्या फाशाला तीन इव्हेड, दोन फोकस आणि तीन कोऱ्या. फोकसचे टोकन खर्च केले, की फोकसच्या बाजू कामाच्या ठरतात. म्हणजे टोकन नसताना लाल फासा आठापैकी चार वेळा लागतो आणि टोकन असताना सहा वेळा, तर हिरवा फासा तीन वेळांऐवजी पाच वेळा वाचवतो.

आता एक प्रसंग घ्या. एक्स-विंगपाशी फोकस आहे आणि ते मध्यम अंतरावरून टाय फायटरवर तीन फासे टाकत आहे. टायचे तीन हल एकाच माऱ्यात जाण्यासाठी तिन्ही लाल फासे लागले पाहिजेत आणि तिन्ही हिरवे चुकले पाहिजेत. तिन्ही लाल लागण्याची शक्यता 64 पैकी 27. टायपाशी फोकस नसेल, तर तिन्ही हिरवे चुकण्याची शक्यता 512 पैकी 125. दोन्ही एकदम घडण्याची शक्यता शंभरात साधारण दहा. तोच टाय फोकस घेऊन बसला असेल, तर तिन्ही हिरवे चुकण्याची शक्यता 512 पैकी फक्त 27 उरते आणि एकत्रित शक्यता शंभरात दोनच्या आसपास येते. दुप्पट इजा करणारे क्रिटिकलचे पान निघाले तर हिशोब थोडा बदलतो, ते येथे सोडून दिले आहे.

दहावरून दोनवर आणणारे ते टोकन कोठून आले? यानाने चाल पूर्ण केल्यावर त्याला एक कृती मिळते, तीतून आले. आणि ती कृती केव्हा जाते? यान दुसऱ्या यानावर आदळले, उल्केवर चढले किंवा त्याच्यावर स्ट्रेसचे (अवघड चालीनंतर येणाऱ्या ताणाचे) टोकन असले, की जाते किंवा तोकडी पडते. म्हणजे ज्या फाशांना आपण बोल लावतो, त्यांचे नशीब बऱ्याचदा दहा मिनिटे आधी डायल लावतानाच ठरलेले असते. एखाद्या दिवशी फासे खरोखरच उलटे पडतात, हे मान्य आहे. पण हरलेल्या डावानंतर ‘माझे यान कितीदा कृतीशिवाय राहिले’ हे मोजून पाहावे. बहुतेक वेळा उत्तर तेथेच सापडते.

सुरुवातीला किती वेगाने पुढे जावे?

येथे अंतराचे गणित पाठ असणाऱ्याला मोठा फायदा होतो, कारण डायल लावताना पटावर टेम्प्लेट ठेवून मोजून पाहण्यास मनाई आहे. डोळ्यांनी जोखावे लागते किंवा आकडे माहीत असावे लागतात.

पटाची लांबी 914 मिलिमीटर. मोजण्याची पट्टी 300 मिलिमीटरची, शंभर-शंभराच्या तीन टप्प्यांची. दोन्ही बाजूंची याने आपल्या कडेपासून पहिल्या टप्प्याच्या आत ठेवली जातात. दोघांनीही नाक अगदी रेषेला टेकवून ठेवले, तर समोरासमोरच्या यानांत 714 मिलिमीटर अंतर उरते. लहान यानाचा तळ 40 मिलिमीटरचा असतो, आणि सरळ चालीचे 1 आकड्याचे टेम्प्लेटही 40 चेच. यान टेम्प्लेटच्या पुढच्या टोकाला नेऊन ठेवायचे असल्याने ते स्वतःच्या तळाइतके आणखी पुढे जाते. म्हणून सरळ 2 ची चाल म्हणजे तीन तळ, 120 मिलिमीटर, आणि सरळ 4 ची चाल म्हणजे पाच तळ, 200 मिलिमीटर.

मारा होण्यासाठी अंतर 300 च्या आत यायला हवे, म्हणजे दोघांनी मिळून किमान 414 मिलिमीटर तोडले पाहिजेत. दहा तळांनी 400 होतात, अकरांनी 440. त्यामुळे दोघांच्या तळांची बेरीज अकरा झाली, की पहिली गोळी झाडता येते. हाच खेळाडूंमध्ये प्रसिद्ध असलेला अकराचा नियम. पहिल्याच पाळीत दोघांनी सरळ 4 लावले, तर बेरीज दहा होते आणि दोन्ही याने 14 मिलिमीटरनी एकमेकांच्या टप्प्याबाहेर राहतात. एकाने 5 लावले, तर लगेच लढाई जुंपते.

आता समजा, पहिल्या पाळीत दोघांनी सरळ 2 लावले. अंतर 474 उरले. दुसऱ्या पाळीत समोरचा उतावीळ होऊन 4 लावील असे आपल्याला वाटत असेल, तर आपण 1 लावावा. तो 200 पुढे येईल, आपण 80, आणि अंतर 194 राहील, म्हणजे मधला टप्पा. आपणही 4 लावला असता, तर अंतर 74 झाले असते, आणि पहिल्या टप्प्यात मारणाऱ्याला एक जादा लाल फासा मिळतो, तो त्यालाही मिळाला असता. तिसऱ्या टप्प्यात उलट बचाव करणाऱ्याला एक जादा हिरवा फासा मिळतो. तेव्हा आपली याने नाजूक असतील तर लांबून आणि दणकट असतील तर जवळून भिडावे, एवढे सूत्र पहिल्या स्पर्धेपुरते पुरेसे आहे.

अडथळे कसे मांडावेत?

प्रत्येक खेळाडू तीन, असे सहा अडथळे आळीपाळीने मांडले जातात. ते एकमेकांपासून पहिल्या टप्प्याच्या बाहेर आणि पटाच्या कडांपासून दुसऱ्या टप्प्याच्या बाहेर असावे लागतात. आपल्याकडे मोठ्या तळाची, वळायला जड याने असतील, तर आकाराने लहान अडथळे आणावेत आणि आपल्या वाटेत मोकळी गल्ली राहील असे पाहावे. चपळ याने असतील, तर उलट मध्यभागी दाटी करावी. अडथळ्यापलीकडून मारा झाला, तर बचावाला एक हिरवा फासा जास्त मिळतो, हेही लक्षात ठेवावे.

एखादी क्षमता वापरायला विसरलो तर मागे जाता येते का?

‘वापरता येईल’ अशा शब्दांची क्षमता विसरली आणि खेळ पुढे गेला, तर समोरच्याच्या संमतीशिवाय मागे जाता येत नाही. जी क्षमता सक्तीची आहे, ती आठवणीत ठेवण्याची जबाबदारी मात्र दोघांचीही असते. समोरच्याची इजा तो विसरला म्हणून आपण गप्प बसणे हे नियमाला धरून नाही. मागायची वेळ आली तर एकदाच, स्पष्टपणे मागावे, आणि नकार मिळाला तर चेहरा न पाडता पुढे खेळावे. मला पहिल्या दोन फेऱ्यांत बहुतेकांनी उदारपणे संमती दिली आहे. शेवटच्या फेऱ्यांत ते प्रमाण घटते, आणि त्यात गैर काही नाही.

यान पटाबाहेर गेले तर?

तळाचा कोणताही भाग कडेबाहेर गेला, की यान पळून गेले असे मानतात आणि ते डावातून बाद होते. डावे आणि उजवे यांत गोंधळ होऊन असे घडते, विशेषतः यानाचे नाक आपल्याकडे असताना. डायल लावण्यापूर्वी ती हातात यानाच्या दिशेने फिरवून धरावी. ही सवय लहान मुलांसारखी दिसते, पण अनुभवी खेळाडूही ती सोडत नाहीत.

स्ट्रेस असताना लाल चाल लावली गेली तर?

डायलवर अवघड चाली लाल, साध्या पांढऱ्या आणि सोप्या निळ्या असतात. स्ट्रेस असलेल्या यानाला लाल रंगाची चाल करता येत नाही. 2018 पासूनच्या नियमांत अशी डायल उघडली गेली, तर यान सरळ 2 ची पांढरी चाल करते. समोर उल्का असेल तर तिच्यावर चढते. निळी चाल केली, की एक स्ट्रेस उतरतो.

वेळ संपली आणि डाव अर्धा राहिला तर?

चालू पाळी पूर्ण केली जाते आणि मग गुण मोजले जातात. जुन्या पद्धतीत बरोबरी झाली तर उरलेल्या यानांच्या माऱ्याच्या आकड्यांइतके लाल फासे दोघेही एकदा टाकत आणि ज्याचे जास्त लागत, तो विजयी ठरे. वेळ संपवण्यासाठी मुद्दाम रेंगाळणे हा गुन्हा आहे. समोरचा फारच रेंगाळत असेल, तर भांडू नये, हात वर करून पंचांना बोलवावे. पंचांना बोलावणे म्हणजे समोरच्यावर आरोप नव्हे.

भारतात राहून सराव करता येतो का?

येतो. व्हॅसल हे मोफत साधन आणि टेबलटॉप सिम्युलेटर हे विकत घ्यावे लागणारे साधन, या दोन्हींवर हा खेळ इंटरनेटवरून खेळला जातो. फ्लाय कॅज्युअल या मुक्त प्रणालीत संगणकाविरुद्धही खेळता येते. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इंग्लंड-अमेरिकेत जाणाऱ्या मराठी मुलांना माझा सल्ला असतो, की पुण्यात किंवा ठाण्यात असतानाच पडद्यावर वीस-पंचवीस डाव खेळून घ्यावेत, म्हणजे तेथील दुकानातल्या स्पर्धेला पहिल्याच महिन्यात जाता येते. एकच अडचण येते : पडद्यावर यान कधी धक्का लागून हलत नाही. खऱ्या टेबलावर बाही लागून चार याने आडवी होतात, आणि ती मूळ जागी कशी ठेवायची, हे दोघांनी मिळून ठरवावे लागते. म्हणून हलवण्यापूर्वी टेम्प्लेट नीट धरण्याचा आणि दुसऱ्या हाताने शेजारचे यान सांभाळण्याचा सराव जेवणाच्या टेबलावर, दोन काडेपेट्या घेऊनही करता येईल.